एकाच नवऱ्याशी दोनदा

४ फेब्रुवारी

बाबा,

नमस्कार. ‘पत्रास कारण की’ वगैरे लिहीत नाही, कारण तुम्हांला माहीत आहे आणि ते तुम्हीच आहात.

तुम्ही माझा फोन घेत नाही म्हणून हे पत्र. दादाच्या ऑफिसच्या मेलवर पाठवतेय, तो छापून तुमच्या हातात देईल. दादा, तू वाचू नकोस. वाचणारच आहेस, पण निदान वहिनीला मोठ्याने वाचून दाखवू नकोस.

परवा फोनवर मी जे बोलले त्यातला एक शब्दही तुम्ही धड ऐकला नाहीत. मी ‘हॉलमधला कार्यक्रम’ म्हटलं आणि तुम्ही फोन ठेवलात. म्हणून आता पहिल्यापासून लिहिते. लिहिलेलं मधेच ठेवता येत नाही, तुम्हांला तर अजिबात नाही. पुडीचा कागदसुद्धा तुम्ही सरळ करून वाचता.

तुमचे जावई इथे पाहुणा म्हणून आलेत, हे तुम्हांला माहीत आहे. पाहुण्याचा मुक्काम मार्चअखेर संपतो. त्याआधी आमचं तिकडचं लग्न इथल्या सरकारी दप्तरात मान्य झालं, तर ते नवरा म्हणून राहू शकतात, काम करू शकतात. नाही झालं तर बॅग उचलायची आणि निघायचं, आणि मान्य होईपर्यंत परत फिरकायचं नाही. तीन वर्षं मी फोनवर संसार केलाय, बाबा. भाजी कुठली केली, अंग कोमट आहे का, सगळं फोनवर. मला आता तो फोनमधला नवरा नको, हा घरातला हवा. भले तो ओला टॉवेल पलंगावर टाकू दे.

तर आम्ही कचेरीत गेलो. नंबर लागला. खिडकीत एक बाई, चष्मा साखळीला अडकवलेला, समोर रिकामी फुलदाणी. मी फाईल सरकवली. त्यांनी एक कागद डावीकडे ठेवला, एक उजवीकडे.

“ही दोन लग्नं आहेत,” त्या म्हणाल्या.

“नाही हो, एकच.”

“तारखा दोन आहेत.”

“पण नवरा एकच आहे. हा काय, बाजूला उभा आहे.”

त्यांनी तुमच्या जावयांकडे पाहिलं, दोन्ही कागदांवरचे फोटो पाहिले. “हो, एकच दिसतोय,” म्हणाल्या. “मग मधल्या घटस्फोटाचा कागद द्या.”

मी हसले. मला वाटलं, चला, बाई विनोदी आहे. तर तसं नव्हतं. इथल्या कायद्याने लग्न झालेल्या माणसाला दुसरं लग्न करता येत नाही, मग ते त्याच माणसाशी का असेना. आणि दुसऱ्या कागदावर स्वच्छ लिहिलंय की लग्नाआधी वधू अविवाहित होती. पाच महिन्यांपूर्वी जिचं लग्न झालंय ती अविवाहित कशी? म्हणजे एक तर मधे काहीतरी झालंय, नाही तर दोनपैकी एक कागद खोटा आहे. कुठला, ते आम्ही सांगायचं.

ते ‘अविवाहित’ कुणाच्या अक्षरात आहे, बाबा?

आठवतंय ना सगळं? मला इथली नोकरी लागली तेव्हा नवऱ्याला मागून बोलावता यावं म्हणून लग्नाचा दाखला आधी हवा होता. म्हणून घाईघाईत शहरातल्या निबंधकाकडे जाऊन नोंदणी लग्न केलं. तुम्ही स्वतः साक्षीदार होतात. पहिली सही तुमची, दुसरी दादाची, तिसरी तुमच्या जावयांच्या काकांची. बाहेर येऊन तुम्ही म्हणालात, “सही केली म्हणजे काय लग्न झालं?” आणि जिन्यावरूनच मला घेऊन गेलात. तुमचे जावई बिचारे हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभे. पाच महिन्यांनी हॉल घेऊन तुम्ही तुमच्या मनासारखं लग्न लावलंत. तिथपर्यंतही ठीक होतं. पण मग कुणाला न विचारता आपल्या गावच्या कार्यालयात जाऊन त्याचीही नोंद करून आलात! वर तो दाखला लॅमिनेट केलात. वर तोच दाखला जावयांना देऊन त्यांच्या पासपोर्टवर माझं नाव चढवून आणायला लावलंत. त्यामुळे माझ्या फाईलीत एक तारीख, त्यांच्या पासपोर्टच्या कागदपत्रांत दुसरी.

उपाय सोपा आहे. दादाने गावच्या कार्यालयात चौकशी केली. ते म्हणतात, दुसरी नोंद दुबार म्हणून रद्द होते, पण ज्याने माहिती दिली त्यानेच समक्ष येऊन लिहून द्यायला हवं की लग्न आधीच झालं होतं, ‘अविवाहित’ हे चुकून लिहिलं. अर्ध्या दिवसाचं काम आहे. दादा गाडीने नेईल. छत्री घ्या, गुडघ्याचा पट्टा बांधा आणि जाऊन या.

तुमची
टिटवी

१३ फेब्रुवारी

बाबा,

तुमचा निरोप दादाने पोचवला. तुमच्या आवाजात पोचवला, नक्कल करून. “तिला म्हणावं, मी लावलेलं लग्न मी रद्द करत नसतो.”

लग्न कोण रद्द करतंय? नोंद रद्द करायचीय! तुम्हांला हा फरक मी समजवायचा? तुम्ही मोजणीदार. आयुष्यभर शेताच्या बांधावर उभं राहून, साखळ्या ओढून, भांडणाऱ्या भावाभावांना ‘दुबार नोंद खोडली तरी जमीन जागेवरच राहते’ असं समजावत आलात.

आता इकडची मजा ऐका. तुम्ही हटून बसलात म्हणून मी दुसरे रस्ते शोधले. आमच्या कामाच्या ठिकाणाजवळ एक वकीलबाई बाहेरून आलेल्या लोकांना सल्ला देतात. केस आखूड, टेबलावर सफरचंदाच्या साली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, “एवढ्या भानगडीत कशाला पडता? इथेच नव्याने लग्न करून टाका.”

मला एकदम हलकं वाटलं. मग त्या म्हणाल्या, “फक्त दोघांनी अविवाहित असल्याचा दाखला आणायचा.”

मी म्हटलं, “बाई, माझं दोनदा लग्न झालंय. मला तो दाखला कोण देईल?”

“मग घटस्फोट घ्या आणि मग करा.”

संध्याकाळी घरी आले. तुमचे जावई स्वयंपाकाच्या ओट्याखाली पाठीवर झोपून नळाची गळती काढत होते. काम करायला परवानगी नाही म्हणून माणूस घरातल्या प्रत्येक वस्तूच्या मागे लागलाय. पंधरा वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाला दोन खोल्यांच्या घरात दुरुस्त करायला असं किती मिळणार? दाराच्या बिजागऱ्या झाल्या, खुर्च्या झाल्या, शेजारणीचं इस्त्रीचं टेबल झालं. मी त्यांच्या पायांशी उभी राहून वकीलबाईंचा सल्ला सांगितला.

ओट्याखालून आवाज आला, “चालेल.”

“काय चालेल?”

“घटस्फोट. घेऊ.”

“तुला काहीच वाटत नाही?”

“अगं, कागदावरचा.”

“सगळं कागदावरचंच चाललंय!” मी ओरडले. “लग्न कागदावर, नवरा कागदावर, आता घटस्फोट कागदावर. ओट्याखाली कोण आहे मग?”

ते बाहेर आले, हात पुसले आणि चहा टाकला. हेच मला सहन होत नाही, बाबा. मी पेटलेली असताना हा माणूस चहा टाकतो. आणि तिकडे तुम्ही. एक कशालाच नाही म्हणत नाही आणि दुसरा कशालाच हो म्हणत नाही. मधल्या मधे मी.

घटस्फोटाचं सोडूनच द्या. तिकडच्या कोर्टात जाऊन, थांबून, तारखा घेऊन वर्ष निघून जाईल. मार्च थांबणार आहे का?

आणि ते लॅमिनेशन. खिडकीवाल्या बाईंनी तुमचा दाखला उजेडात धरला, वाकवून पाहिला, नखाने टोकरला. मूळ कागदाच्या मागे परदेश-खात्याचा शिक्का लागतो, तो प्लास्टिकवर उमटत नाही. “हे असं का केलंय?” त्यांनी विचारलं. मी काय सांगू? आमच्याकडे जे जपायचं असतं ते आधी निकामी करतात, असं सांगू? मी म्हटलं, माझ्या वडलांनी केलंय, कागद टिकावा म्हणून. त्या म्हणाल्या, “टिकेल. फक्त चालणार नाही.”

बाबा, हट्ट पुरे. तो दाखला कुरियरने तुमच्याकडे परत पाठवलाय. एकदा जाऊन या.

टिटवी

२६ फेब्रुवारी

बाबा,

आता तुमच्या हट्टाचं फळ वाचा.

कचेरीने आम्हां दोघांना मुलाखतीला बोलावलं. दोन प्रमाणपत्रांचं प्रकरण आहे म्हटल्यावर त्यांना संशय आला की हे लग्नच खोटं असेल, राहण्याची परवानगी मिळवायला केलेलं. अशा वेळी नवरा-बायकोला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून एकच प्रश्न विचारतात आणि उत्तरं ताडून बघतात.

आधी माझ्या बोटांचे ठसे घ्यायला लागले, तर यंत्र माझा अंगठाच ओळखेना. आमच्या प्रयोगशाळेत दिवसभर प्लास्टर, मेण आणि पॉलिशचा कागद. लोकांच्या कवळ्या घासून घासून माझी बोटं गुळगुळीत झालीत. तो तरुण कारकून अंगठा पुसतोय, दाबतोय, फुंकर घालतोय. मी म्हटलं, “घ्या, आता मीसुद्धा खरी नाही.” तो हसला नाही. इथे कुणी हसतच नाही.

मग प्रश्न. नवरा कुठल्या कुशीवर झोपतो, साखर किती घेतो, घरात किल्ल्या कुठे टांगता. सगळं बरोबर. आणि मग, लग्न कधी झालं?

मी वकीलबाईंनी पढवल्याप्रमाणे पहिली तारीख सांगितली. निबंधकाची.

पलीकडच्या खोलीत तुमच्या जावयांनी दुसरी सांगितली. तुमच्या हॉलची!

जिन्यात मी त्यांना गाठलं. “घरी सतरा वेळा घोकलं होतं ना? पहिली तारीख म्हणून?”

“हो.”

“मग?”

“तोंडातून तीच आली,” ते म्हणाले. “पहिल्या दिवशी तर तुझे बाबा तुला घेऊन गेले. मी पेढे घेऊन एकटाच खोलीवर गेलो. लग्न झालंय असं मला त्या दिवशी वाटलंच नाही.”

मी जिन्यावरच बसले. लोक बाजूने जात होते. एका बाईने मला पाण्याची बाटली देऊ केली. मला वाटलं, जाऊ दे, सगळ्यांनीच हात टेकावेत. माझा नवरासुद्धा तुमच्याच बाजूने साक्ष देऊन आला.

आता फाईलीवर ‘उत्तरांत तफावत’ असा शेरा बसलाय. वकीलबाई म्हणतात, दुसरी नोंद रद्द झाल्याचा कागद आणि तुमचं लेखी निवेदन आलं तर निभावेल, नाही तर नाही. जावयांनी बॅग कपाटावरून खाली काढलीये. मी विचारलं तर म्हणाले, चाक दुरुस्त करतोय. चाक ठीक आहे, बाबा. मी बघितलं.

मी रोज कामावरून येताना कोपऱ्यावरून आमच्या खिडकीकडे बघते. दिवा लागलेला असतो. तीन वर्षं मी अंधाऱ्या खोलीत येऊन कुलूप उघडत होते. तुम्हांला हे समजावं म्हणून लिहिते, रडगाणं म्हणून नाही.

तुम्हांला नक्की अडचण काय आहे ते तरी सांगा. चूक कबूल करायची लाज वाटते? कार्यालयातले लोक हसतील? एवढ्यासाठी मुलीचा संसार टांगून ठेवायचा?

टिटवी

५ मार्च

बाबा,

दादाचा फोन आला होता. या वेळी त्याने नक्कल केली नाही. म्हणाला, पत्र वाचून तुम्ही त्याची घडी घातलीत आणि म्हणालात, “तिची आई कुठल्या लग्नाला होती, विचार तिला.”

एवढंच म्हणालात आणि गुडघ्याला तेल लावायला घेतलंत.

मी मूर्ख आहे. पण तुम्हीही एक महिना तोंड उघडलं नाहीत, बाबा. मला वाटत होतं हे तुमच्या ‘मी’पणाचं आहे. तुम्ही नेहमी म्हणता ना, जे नोंदीत नाही ते नाही. तेव्हा हॉलची नोंद खोडली की आई माझ्या लग्नाला नव्हती असं होतं. दप्तरात राहतं ते फक्त निबंधकाचं लग्न, आणि त्या दिवशी आई दवाखान्यात होती. म्हणून तुम्ही हटून बसलात. हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी का सांगितलं नाहीत? की आपल्या घरात असं काही बोलायचंच नाही?

आता मी एक सांगते. आईने मला सांगू नकोस म्हटलं होतं आणि मी कधीच सांगणार नव्हते. आज सांगतेय. त्या नोंदीसाठी सांगतेय हे खरंच आहे, तुमच्यापुढे मी साळसूदपणा कशाला करू? पण फक्त तेवढ्यासाठी नाही.

त्या दिवशी निबंधकाकडून तुम्ही मला थेट दवाखान्यात आणलंत आणि स्वतः खाली औषधाच्या दुकानात गेलात. तिथे गर्दी होती, तुम्हांला वर यायला वेळ लागला. आई जागी होती. तिने विचारलं, “झालं?” मी म्हटलं, झालं. तिने माझा हात ओढला. अंगठ्याला शाई होती, ठशाची, धुवायला वेळच मिळाला नव्हता. ती आपल्या बोटाने ती शाई पुसत बसली. तिच्या बोटाला लागली, चादरीला लागली. मी म्हटलं, आई, राहू दे, नर्स ओरडेल. ती म्हणाली, “माझ्या मुलीच्या लग्नाची शाई आहे. ओरडू दे.”

बाबा, तिच्या दृष्टीने माझं लग्न त्या दिवशी झालं होतं.

मग ती म्हणाली, “तुझे बाबा म्हणतील हे काही लग्न नव्हे. म्हणू देत. त्यांना हॉल घेऊ दे, याद्या करू दे, आचाऱ्याशी भांडू दे. मी त्यांना सांगणार आहे की मला मुलीचं लग्न डोळ्यांनी बघायचंय. तू मधे बोलू नकोस.” मी विचारलं, कशाला ग? तुला बसवत नाही, चार माणसं आली तरी दमतेस. ती म्हणाली, “दिवसभर या स्टुलावर बसून माझ्याकडे बघत असतात. वेड लागेल त्यांना. तेवढे महिने दुसरं काहीतरी बघतील.”

हॉलच्या दिवशी सकाळी तिने डॉक्टरांकडून जास्तीचं इंजेक्शन घेतलं होतं, दुपारपर्यंत खुर्चीत ताठ बसता यावं म्हणून. ते मला आणि नर्सला माहीत होतं. तुम्ही आलेल्या-गेलेल्या प्रत्येकाला सांगत होतात, “हिची इच्छा होती, हिच्यासाठी केलंय सगळं.” ती मान हलवत होती.

तुम्ही तिच्यासाठी केलंत आणि ती तुमच्यासाठी बसली. दोघांनी एकमेकांना पत्ता लागू दिला नाही, आणि मी मधे नटून उभी. आता मला सांगा, यातलं काय खोडलं जाणार आहे? कार्यालयातल्या कारकुनाच्या लाल शाईला हे पुसता येतं का?

तुम्ही जा किंवा जाऊ नका. मी परत विचारणार नाही. बॅग दारापाशी आहे. इकडचं काय व्हायचं ते होईल.

टिटवी

२४ मार्च

बाबा,

कागद पोचले. ‘दुबार नोंद, रद्द’ असा शिक्का आणि तुमचं निवेदन, तुमच्या त्या सरळ उभ्या अक्षरात.

दादाने सगळं सांगितलं. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून, दार उघडायच्या आधी कार्यालयाच्या पायरीवर उभे होतात. कारकून म्हणाला मूळ दाखला जमा करा, पण शिक्का मारायला प्लास्टिक काढून आणा. दादा म्हणाला मी काढतो, तर तुम्ही त्याला हात लावू दिला नाहीत. बाकावर बसून ब्लेडने कडा सोडवून, फुंकर मारत, कागद न फाटता तुम्ही ते प्लास्टिक काढलंत. कारकुनाचं जेवण झालं, चहा झाला, तरी तुमचं चाललेलं. त्याने शिक्का मारताना तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात, असं दादा म्हणाला. मी त्याला विचारलं नव्हतं, त्यानेच सांगितलं.

मधे आमचं घोडं पुन्हा अडलं होतं आणि या वेळी ते आम्हीच अडवलं होतं.

तुमच्या निवेदनात शेवटी एक वाक्य आहे. “सदर विवाहप्रसंगी वधूची आई दवाखान्यात होती. तथापि हा विवाह तिला मान्य होता व त्या दिवसापासून ती मुलीला विवाहित समजत होती.” सरकारमान्य शिक्क्याच्या भाषांतरकाराने सगळं भाषांतर केलं आणि हे वाक्य गाळलं. मी विचारलं तर म्हणाला, “बाई, कायद्याच्या दृष्टीने आईची मान्यता लागत नाही. उगाच प्रश्न वाढतील.” वकीलबाईही तेच म्हणाल्या. म्हणाल्या, दप्तरात जितकं कमी तितकं बरं, आणि आता परत भाषांतर, परत शिक्का, परत खिडकीची वेळ घ्यायला मुदत कुठे उरलीय?

मी घरी येऊन तुमच्या जावयांना सांगितलं. मला वाटलं, नेहमीसारखे ‘चालेल’ म्हणतील. ते बॅगेत स्वेटर भरत होते. त्यांनी वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं.

“हे काढायचं नाही,” म्हणाले.

“अरे, मुदत संपली तर तुला जावं लागेल.”

“जाईन. पण हे काढायचं नाही.”

आणि मग माझ्यावर चक्क ओरडले, बाबा, की तू भाषांतरकाराशी नीट भांडलीच नाहीस! लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस ओरडतो हे मला तेव्हा कळलं. मी खूश होऊन चहा टाकला.

सकाळी आम्ही दोघं भाषांतरकाराच्या दारात जाऊन बसलो. वाक्य घालून घेतलं. खिडकीची वेळ मिळाली आहे, अगदी शेवटच्या दिवसाची.

कवळी घालत जा. मी तुमच्या मापाची घासून पाठवली आणि तुम्ही ती कपाटात ठेवलीत, असं वहिनी म्हणाली. लॅमिनेट नाही ना केलीत?

टिटवी

६ एप्रिल

बाबा,

बातमी दादाने दिलीच आहे. तरी माझ्याकडूनही ऐका.

तीच खिडकी, तीच बाई, तीच रिकामी फुलदाणी. त्यांनी रद्द झालेली नोंद पाहिली, निवेदनाचं भाषांतर वाचायला घेतलं. शेवटच्या वाक्यापाशी थांबल्या. मुलाखतीचा तो शेरा फाईलीवर लाल अक्षरांत दिसत होताच. आता ‘हे कशाला’ म्हणून परत पाठवतील, असं मला वाटलं.

“ही कोण?” त्यांनी बोट ठेवून विचारलं.

“माझी आई.”

“आता?”

“आता नाही.”

त्यांनी चष्मा काढला, साखळीवर सोडला. “तुम्हां दोघांनी मुलाखतीत वेगवेगळ्या तारखा सांगितल्यात,” त्या म्हणाल्या. “ह्यांनी दुसरी का सांगितली?”

मी काही बोलायच्या आत तुमचे जावई त्यांच्या मोडक्यातोडक्या इथल्या भाषेत म्हणाले, “पहिल्या तारखेला बायको वडलांबरोबर गेली. दुसऱ्या तारखेला माझ्याबरोबर.”

बाईंनी चष्मा परत चढवून त्यांच्याकडे पाहिलं. आणि मग हसल्या, बाबा! त्या कचेरीत मी पहिल्यांदा कुणाला हसताना पाहिलं. त्यांनी शेऱ्यापुढे दोन ओळी लिहिल्या, शिक्का मारला, आणि आमचं लग्न झालं. तिसऱ्यांदा म्हणा हवं तर. तारीख पहिली लागली आहे, शाईवाली.

जावई कामाला लागले. पहिलंच काम कुठलं, तर त्याच कचेरीच्या इमारतीची लिफ्ट. कधीची बंद होती. बॅग परत कपाटावर गेली आणि ओला टॉवेल परत पलंगावर आलाय. मी त्यावरून रोज भांडते.

पण हे पत्र त्यासाठी नाही. काल तुमचा फोन आला. दोन महिन्यांनी तुमचा आवाज ऐकला आणि मला वाटलं, आता कशी आहेस, जेवलीस का, असं काहीतरी विचाराल. तुम्ही एकदम विचारलंत, “अजून काय काय म्हणाली होती ती?” मी कामाच्या टेबलावर होते, हातात कुणाचे तरी दात, आणि मी नुसती हुंदके देत राहिले. तुम्ही “बरं बरं” म्हणून फोन ठेवलात.

तर सांगते. बरंच आहे, एकदम सांगणार नाही, नाही तर तुम्ही पुन्हा फोन करणार नाही. आज एकच.

हॉलमध्ये पंगत बसायच्या वेळी तुम्ही आचाऱ्यावर तुटून पडला होतात, मीठ कमी आणि पाणी कोमट म्हणून. सगळा हॉल ऐकत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आईकडे जाऊन म्हटलं, आई, त्यांना आवर ना. ती खुर्चीत उशीला टेकून बसली होती, इंजेक्शनचा जोर उतरत आला होता. ती तुमच्याकडेच बघत होती. म्हणाली, “नको आवरूस ग. किती महिन्यांनी ओरडतोय माणूस. माझ्यासमोर आवाजच काढत नाही.”

बाबा, या दोन महिन्यांत तुम्ही माझ्यावर एकदाही ओरडला नाहीत. नुसते निरोप पाठवलेत, आईसमोर बसायचात तसे गप्प बसलात. मला तीच भीती वाटत होती. उद्या सकाळी मी फोन करते. कवळी घाला, फोन उचला आणि आधी पोटभर ओरडून घ्या.

तुमची, दोन्ही तारखांची,
टिटवी